उपसंचालक (तात्पुरते)

१० मार्च १९९७
माझी उपसंचालकपदाची तात्पुरती बढती ३१ तारखेला संपते. टेन्शन नाही. तीनदा मुदतवाढ मिळाली, चौथ्यांदाही मिळणारच. माझ्याशिवाय बेलापूरचं ऑफिस चालेल कसं? मंत्रालयात फोन करायचा नाही, हे पक्कं. स्वाभिमान म्हणून काही असतो.

११ मार्च
फोन केला. नाव मात्र सांगितलं नाही. बाई म्हणाल्या, फाइल वर गेली आहे. वर कुठे, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

१९ मार्च
प्रेमलाचं म्हणणं, ऑर्डर हातात येईपर्यंत क्वार्टरला नवे पडदे नकोत. मी मुद्दाम आजच शिवायला टाकले. बायकोला शासन कळत नाही.

३१ मार्च, दु. ४
ऑर्डर नाही. हारुन मुकादम, माझे ज्युनियर, दारात घुटमळत होते. म्हणाले, साहेब, वाईट वाटतंय, पण चार्ज माझ्याकडे द्या असा वरून फोन आलाय. म्हटलं, दोन दिवसांचा तर प्रश्न. ड्रॉवरची किल्ली माझ्याकडेच राहू दे.
४.२०. किल्ली दिली.

२ मे
पद गेलं म्हणून क्वार्टरही सोडावं लागलं. घणसोली गावात दोन खोल्या. पडदे जमिनीवर लोळतात. प्रेमलाने ते खालून दुमडून टाचले. तिला सांगितलं, सगळं सामान उघडू नकोस.

१४ जुलै
माझा रजेचा अर्ज मुकादमांकडून परत. शेरा: ‘चर्चा करावी’. हा शेरा मीच त्यांना शिकवला. माणूस तयार झाला, याचं समाधान.

२९ सप्टेंबर
ऑर्डर आली! मुदतवाढ १ एप्रिल ते ३० सप्टेंबर. म्हणजे सहा महिने मी उपसंचालकच होतो! अजून उद्याचा दिवस आहे. मुकादम उठून उभे राहिले, खुर्ची पुसून दिली. कृष्णात शिपाई म्हणाला, सायेब, पेढे. आणले. प्रेमलाने पेढा घेतला आणि उद्यानंतर काय, असं विचारलं. तिचा स्वभावच तसा.

३० सप्टेंबर
दुपारी वरून पत्र. मुदतवाढ असूनही आपण सहा महिने उपसंचालकपदावर गैरहजर का होता, याचा तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.
खुलासा लगेच टायपिस्टला सांगायला घेतला. चार वेळा खोडला. तिने शेवटी विचारलं, साहेब, सहीखाली पदनाम काय टाकू? म्हटलं, आज ऑफिस सुटेपर्यंत उपसंचालकच.
ती म्हणाली, ऑफिस मघाशीच सुटलं.
जागा कोरी ठेवायला सांगितली.