गॅरेजातला योहान

२३ नोव्हेंबर, रविवार

हो म्हणून बसले! जिभेला हाड म्हणून नाही माझ्या.

मीनाक्षीचा फोन आला. इथल्या, प्लेनो गावातल्या मराठी ख्रिस्ती मंडळीचं सगळं तीच बघते — हॉल, चहा, व्हॉट्सॲप, भांडणं. म्हणाली, "सुमित्राकाकू, चौदा डिसेंबरला नाताळाच्या आधीची उपासना आहे. तुम्ही नगरला कीर्तनं करायचात ना? इथे होऊन जाऊ दे एक. योहानावर." मी म्हटलं, करते. फोन ठेवला आणि मग आठवलं. हे गेल्यापासून एकदाही उभी राहिलेली नाही मी कीर्तनाला. पेटी ह्यांची असायची. मी चुकले की हे सूर जरा मोठा करायचे, लोकांना काही कळायचं नाही.

योहान म्हणजे बाप्तिस्मा देणारा. प्रभूच्या आधी येऊन त्याच्यासाठी वाट नीट करणारा. माझे बाबा नगर जिल्ह्यात गावोगाव कीर्तन करत फिरायचे. ते म्हणायचे, "सुमे, नदीवरचा योहान कुणालाही जमतो. तुरुंगातला जमला तर खरं."

जेवताना सांगितलं. दीपा म्हणाली, "वॉव, आई!" मनापासून म्हणाली, सून चांगली आहे माझी. लेकानं, चारूनं, आमटी वाढून घेतली. "मी ड्रॉप करीन तुला," एवढंच.

ड्रॉप. म्हणजे आत यायचं नाही.

२५ नोव्हेंबर

दुपारी फाटकापाशी — फाटक कसलं, इथे फाटकच नाही — गवताच्या कडेला उभी राहिले. रस्त्यावर माणूस दिसेल तर शपथ! घरं केवढाली, आणि आत कुणी आहे की नाही देव जाणे. एक गाडी आली, गॅरेजाचं दार उघडलं, गाडी आत, दार बंद. माणूस दिसलाच नाही.

घरात तरी काय वेगळं. दीपा वरच्या खोलीत दार लावून मीटिंगा करते. चारू सकाळी जातो. नात अनया शाळेत. मी फ्रिजशी बोलते.

२६ नोव्हेंबर

तालमीला बसले. पहिलीच आळवणी घेतली, तर वरून दीपा जिन्यात — "आई, सॉरी हं, क्लायंट लाइनवर आहे, आवाज जरा…" बिचारीचा चेहरा पडला होता. मी म्हटलं, तू जा गं वर, मी गॅरेजात जाते.

गाड्या बाहेर गेल्या की गॅरेज छान मोठं होतं. आवाज घुमतो. मोबाइलमधला तंबोरा लावला, खांद्यावर शाल घेतली, ह्यांची झांज घेतली. समोर श्रोते म्हणजे लॉनचं यंत्र, जुना सोफा आणि वर कोपऱ्यात तो कॅमेरा. ऑक्टोबरात मी इथल्याच पायरीवरून पडले ना, तेव्हा चारूनं बसवला. "आई, परत पडलीस तर मला ऑफिसात फोनवर दिसेल." म्हटलं बस रे बाबा, आईवर पहारा! पण बसवला त्यानं. त्याच्याकडे पाठ करून उभी राहते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज हसून हसून पोट दुखलं. किती दिवसांनी!

अनयाला योहानाची गोष्ट सांगत होते. नऊ वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत. म्हटलं, योहान रानात राहायचा, उंटाच्या केसांचा झगा घालायचा, आणि टोळ खायचा. पोरीचे डोळे एवढे मोठे. "ही एट द टोल? आजी, लाइक, डॅडीचा टोल?" ळ येतच नाही तिला! तिला वाटलं हायवेवरचा टोल खाल्ला त्यानं. मी म्हटलं, अगं टोळ, टोळ, उडतात ते, किडे! "ईऽऽऽ! टोल इज बेटर!"

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख — अगं, योहानाकडे जकातदार आलेच होते की! जकात म्हणजे टोलच. त्यांनी विचारलं, गुरुजी, आम्ही काय करावं? त्यानं नोकरी सोडा म्हणून सांगितलं नाही. ठरलंय तेवढंच घ्या, वर एक पैसा घेऊ नका, म्हणाला. म्हणजे टोळ खाणाऱ्याकडे टोल खाणारे आले! हे कीर्तनात घालणार. बाबांनी पाठ थोपटली असती.

३ डिसेंबर

पूर्वरंग बसला. नदीवरचा भागही बसला. काय माणूस होता! मोठमोठे धर्मगुरू झगे सावरत बघायला आले तर त्यांना सापाची पिल्लं म्हणाला तोंडावर. आम्ही अमक्या वंशातले म्हणून मिरवू नका, म्हणाला, देवाला पाहिजे तर तो ह्या धोंड्यांतून वंश उभा करील. आणि गरिबांनी विचारलं तर किती साधं — दोन सदरे असतील तर ज्याला नाही त्याला एक द्या. गॅरेजात हे म्हणताना माझा आवाज असा लागला! झांज वाजली खणखणीत. मागे बघितलं तर सोफा.

चारूची कपड्यांची खोली आठवली. त्यात सदरे किती! पण ते मी म्हणणार नाही कीर्तनात, दीपाला लागेल.

५ डिसेंबर

तुरुंगाचा भाग. नाही जमत.

७ डिसेंबर, रविवार

चारूबरोबर भाजी आणायला गेले. गाडीत बसलं की त्याचा फोन आपोआप गाडीत बोलायला लागतो — आधी जे ऐकत असेल ते तिथूनच पुढे सुरू. आज कुणीतरी शेअर मार्केटचं सांगत होता. त्यानं आवाज कमी केला, बंद नाही केला.

मी म्हटलं, "चारू, चौदा तारखेला आत बसशील? मागच्या खुर्चीवर बस. प्रार्थनेच्या वेळी बाहेर जा हवं तर."

आरशात बघून त्यानं लेन बदलली. मग म्हणाला, "आई, प्लीज."

"माझं कीर्तन तू लहानपणी पुढे मांडी घालून ऐकायचास रे."

"तेव्हा बाबा होते."

आणि त्याच्यात हायवेवरून उतरायची आमची एक्झिट चुकली. एक्झिट चुकली की डोकंच फिरतं त्याचं! स्टिअरिंगवर हात आपटला. "आता पुढे जाऊन यू-टर्न. दहा मिनिटं गेली." जशी काय माझीच चूक. मी खिडकीतून बघत बसले.

त्याला आत यायचं नाही, ते का ते मला ठाऊक आहे. हे नगरला दवाखान्यात होते तेव्हा चारू इथे विमानतळावर अडकलेला. सगळी मंडळी गुडघ्यांवर होती. हा फोन कानाला लावून आमच्याबरोबर प्रार्थना करत होता, लहान मुलासारखा रडत — प्रभू, मी पोचेपर्यंत तरी. पोचेपर्यंत तरी! तो पोचला तेव्हा माती झालेली होती. थडग्यापाशी सगळे गात होते, ह्यानं तोंड उघडलं नाही. नंतर मला एवढंच म्हणाला, "आई, मी विचारलं होतं. उत्तर आलं नाही." त्यानंतर देवळाची पायरी चढला नाही.

मला म्हातारीला एवढंच पाहिजे आहे. त्यानं एकदा आत येऊन बसावं. बाकी ह्या देशात मला काही नको.

९ डिसेंबर

परत तुरुंग. परत तिथंच अडले.

इथे लिहून बघते, कदाचित सुटेल. हेरोद राजानं भावाची बायको ठेवून घेतली. योहान म्हणाला, हे बरं नाही. राजाला तोंडावर! झालं, टाकला तुरुंगात. ज्या माणसानं रानात आयुष्य काढलं, वर आभाळ आणि खाली वाळू, त्याला कोंडलं. आणि ज्याच्यासाठी वाट झाडून ठेवली तो येशू बाहेर गावोगाव फिरतोय, लोकांना बरं करतोय, पण इकडे फिरकत नाही. तेव्हा योहान चेल्यांना पाठवतो — जा, विचारून या त्याला, येणार होता तो तूच ना? का आम्ही दुसऱ्या कुणाची वाट बघायची?

बाई गं. योहानानं विचारलं हे! ज्यानं नदीवर सगळ्यांच्या देखत बोट दाखवून सांगितलं होतं की तो बघा तो!

इथपर्यंत मी जाते. पुढे येशूचा निरोप आहे. योहानाला जाऊन सांगा, म्हणतो, आंधळ्यांना दिसतंय, लंगडे चालतायत, मेलेले उठतायत. बाबा हे म्हणायचे तेव्हा माणसं रडायची. मीही म्हणत आले इतकी वर्षं, ठणठणीत आवाजात. आता तोंडच उघडत नाही. मेलेले उठतायत! कुणाचे? योहान तर सुटलाच नाही. पुढे त्याचं मुंडकं परातीत घालून नाचणाऱ्या पोरीच्या हातात दिलं.

मग पेटीवर हे असते तर सूर मोठा केला असता. आता नुसता मोबाइलचा तंबोरा. झांज खाली ठेवते आणि आत येऊन कुकर लावते.

हे कुणाला सांगू? मीनाक्षीला सांगितलं तर म्हणेल काकू प्रार्थना करा. चारूला तर मुळीच नाही. तो म्हणेल, बघ.

१० डिसेंबर

तिथंच.

११ डिसेंबर

आजही तिथंच. चिडून म्हटलं, "बोल की मेले, जीभ झडली का!" स्वतःलाच, मोठ्यानं. लॉनच्या यंत्राला काय वाटलं असेल. मग सोफ्यावर बसून ह्यांच्याशी भांडले. म्हटलं, तुम्ही सुटलात, मला इथे ठेवलंत बिनमाणसाच्या गावात. बराच वेळ बोलले. रडले पण. बरं वाटलं थोडं.

चारू आज लवकर घरी आला. म्हणाला, "काय नाही, सहजच." येताना बदामाचा शिरा आणला होता इंडियन दुकानातून. मला आवडतो म्हणून. मी म्हटलं, एवढं तूप! पण खाल्ला.

१३ डिसेंबर, शनिवार

मीनाक्षीचा फोन. "काकू, रागावू नका हं. डिसेंबरात निम्मे लोक इंडियाला गेलेत, बाकीच्यांना फ्लू. ग्रुपवर हो म्हणणारे चारच राहिले. हॉलवाल्या कोरियन मंडळीला पण त्यांच्या मुलांच्या नाटकाला हॉल पाहिजे म्हणे. कॅन्सल करू या का? जानेवारीत बघू ना."

मी म्हटलं, बघू की. त्यात काय! हसले पण वर.

नवं लुगडं इस्त्री करून दाराला टांगलं होतं. घडी घालून ठेवून दिलं. दीपा ऑफिसच्या कामाला रेडमंडला गेली आहे, नाहीतर तिनं तरी विचारलं असतं.

खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखं पण वाटलं. तुरुंगाशी येऊन सगळ्यांपुढे गप्प उभी राहिले असते. ते टळलं. पण मग चारूचं आत येणं पण टळलं. नसताच आला म्हणा. पण आला असता, असं रोज झोपताना वाटायचं तरी.

१४ डिसेंबर, रविवार

दिवसभर कुणाशी शब्द नाही. अनया मैत्रिणीच्या वाढदिवसाला. चारू लॅपटॉपवर. दुपारी अडीच वाजता — कीर्तन उभं राहिलं असतं तेव्हा — गॅरेजात जाऊन आले. उभी राहिले नाही. झांज रुमालात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवली.

योहानाला निदान दोन चेले होते निरोप न्यायला.

१६ डिसेंबर

काही नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

चारू डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. येताना गाडी सुरू केली आणि गाडीत कुणी बाई मोठ्यानं बोलायला लागली — "येणार होता तो तूच ना? का आम्ही दुसऱ्या कुणाची…" मला कळेना, आवाज ओळखीचा कसा. मग झांज ऐकू आली. अगं, मीच ती!

चारूनं झटकन बंद केलं. कानापर्यंत लाल झाला. मी म्हटलं, "त्या कॅमेऱ्याला ऐकू पण येतं?"

"हो."

"कधीपासून ऐकतोस?"

"पहिल्या दिवसापासून. आधी ऑफिसात, मग त्याचं रेकॉर्डिंग रोज गाडीत." टोलचा रस्ता लागला. समोर बघतच म्हणाला, "आई, तू रोज तिथंच थांबतेस. पुढचं तर तूच शिकवलंयस मला. का थांबतेस?"

खोटं बोलणार होते. घसा दुखतो म्हणणार होते. म्हटलं, "मी पण विचारलं होतं रे, चारू. मलापण अजून उत्तर आलेलं नाही."

त्यानं माझा हात धरला. गाडी चालवताना कधी धरत नाही तो. दोघंही रडत होतो. आमच्या एक्झिटची हिरवी पाटी दिसली, मी म्हटलं, "अरे, एक्झिट!"

"जाऊ दे," चारू म्हणाला. "तू पुढचं म्हण."