बसणारा धरून वजन

४ जाने., रवि.
मोटरसायकल शर्यतींच्या क्लबची बैठक माझ्या शेडमध्ये, सातपूरला. चहा दोनदा, निर्णय एकही नाही. दरवर्षीचंच दळण: १५० सीसीच्या गटात कमीत कमी वजन नुसत्या गाडीचं धरायचं, की बसणारा धरून? आजवर नुसत्या गाडीचं धरत आलो, म्हणून प्रथमेश जिंकत आला. सडपातळ माणूस. दोनशे मीटरच्या शर्यतीत तेवढा फरक पुरतो.

दाजी हा नियम किती वर्षं मागतायत. वजन नव्वद किलोच्या घरात होतं तेव्हा सगळे त्यांना हसायचे. आज कुणी हसलं नाही. आजारपणानंतर पहिल्यांदाच आले होते. केस परत आलेत. शर्ट जुनाच, खांद्यावरून उतरलेला.

प्रथमेश म्हणाला, "दाजी, आता नियम आला तर तुमच्याच गाडीला शिसं लावावं लागंल. राहू द्या ना यंदा."
चांगल्या मनाने म्हणाला. दाजी त्याच्याकडे वळले. "मी जाड होतो म्हणून नियम बरोबर होता का रे?"
पुढच्या रविवारी मतदान.

१० जाने.
ताईचा फोन. "तू नाही म्हण उद्या. शर्यतीनंतर शिसं लावलेली गाडी ढकलत आणायची म्हणजे… त्यांच्या हातात कुठं तेवढा जोर राहिलाय?"
हो म्हटलं. खरंच ठरवलं होतं.

११ जाने., रवि.
निम्मे इकडे, निम्मे तिकडे. वजनं बघणारा तपासनीस म्हणून शेवटचं मत माझं. दाजी समोरच बसलेले, माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. नियमाच्या बाजूने हात वर केला. ताईला काय सांगू, कळत नाही. पण नियम बरोबरच आहे, तो दाजींना जड जातो म्हणून चूक कसा ठरवायचा?

कलमं ठरली. बसणारा धरून ठरलेल्या वजनाला कमी पडेल तेवढं शिसं गाडीला बोल्टने, उघड्यावर, सगळ्यांना दिसेल असं. अंगावर काही बांधायचं नाही. हे दाजींनीच घालायला लावलं. "पडला तर तेच शिसं बरगडीत घुसंल." आणि वजनाची पद्धत: आधी बसणारा काट्यावर, मग गाडी. तपासनीसाने आकडा मोठ्याने सांगायचा, म्हणजे मागून कुरकुर नको.

१४ जाने., संक्रांत
ताईकडे. माझ्यावर रागावेल वाटलं होतं, पण खुशीत होती. दाजींचं वजन वाढतंय म्हणे. दर सोमवारी आपल्या टायरच्या दुकानाशेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर बघतात, घरी येऊन सांगतात. "आता पासष्टच्या पुढे गेले. मार्चमधली तपासणी झाली की मी एकदाची सुटले."
गुळाची पोळी दाजींच्या ताटात अर्धी राहिली. ताई तूप आणायला आत गेली तेव्हा त्यांनी ती माझ्या ताटात सरकवली. खाल्ली मी.

१ फेब्रु., रवि.
लिहावंसं वाटत नाही, तरी लिहितो.

चाचणीचं वजन होतं. दिंडोरीच्या पॅकहाऊसमधून जुना काटा आणलाय, द्राक्षाच्या क्रेटचा. दाजी हेल्मेट-जॅकेटसकट उभे राहिले. आकडा ठीक आला, ताई म्हणाली होती तसाच. बरं वाटलं. बाकीचे वजन करून गेले. दाजी हात धुवायला मागे गेले, जॅकेट स्टुलावर. मला स्टूल हवं होतं म्हणून जॅकेट एका हाताने उचलायला गेलो, तर ते जागचं हलेना.

अस्तर उसवून परत शिवलेलं. आत चाकं बॅलन्स करायच्या शिशाच्या पट्ट्या, ओळीने. त्यांच्याच दुकानातल्या. सीटकव्हरच्या दोऱ्याने स्वतः शिवलंय, टाके वेडेवाकडे.

दाजी दारात उभे. मी म्हटलं, "हे कधीपासून?"
"डिसेंबरपासून वजन उतरतंय."
"मग भंगारवाल्याच्या काट्यावरचे आकडे?"
"ताईला काहीतरी सांगायला नको का?"
मग म्हणाले, "आठ तारखेपर्यंत गप बस. शर्यत होऊ दे. नंतर मीच सांगतो."

जॅकेटशिवाय उभं केलं. तो आकडा इथे लिहीत नाही.
नियम मोडला म्हणून मला राग आलेला नाही. भीती वाटली. खूप भीती वाटली. अंगावर शिसं नको म्हणणारा हाच माणूस, आणि इतके दिवस तेच अंगावर वागवतोय.

३ फेब्रु.
दाजींच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक होतं, थांबलो. मग सांगितलं: जॅकेट मी ठेवून घेतलंय, मिळणार नाही. पळायचं तर कमी पडतंय ते सगळं गाडीला लावून, आकडा सगळ्यांसमोर. आणि ताईला आधी सांगायचं.
"नाही सांगितलं तर?"
"तर तिला तिथे आकड्यावरून समजंल. डबा घेऊन येणारच आहे ती."
बराच वेळ टायरवर खडूने रेघा मारत बसले. म्हणाले, "तू मेव्हणा आहेस का तपासनीस?"


५ फेब्रु.
शिसं ओतलं. आधी एकच जाड ठोकळा करणार होतो, सोपं काम. मग मन बदललं. पातळ पट्ट्या केल्या, एकावर एक बसणाऱ्या, प्रत्येक एक किलोची. बोल्ट लांब घेतला. पट्ट्यांची चळत हाताएवढी उंच झाली. बघवत नव्हतं.
दाजींचा फोन नाही. त्यांनी ताईला सांगितलं की नाही, माहीत नाही. मीही तिला फोन केला नाही. भित्रा.

८ फेब्रु., रवि.
सिन्नरच्या बंद कारखान्याचा आतला रस्ता. सकाळी थंडी. प्रथमेशचं वजन झालं, आकडा सांगितला. मग दाजी. साधं जॅकेट, प्रथमेशकडून मागून घेतलेलं. ताई काट्याजवळच, हातात डबा. तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं, तिला काही ठाऊक नाही.
आकडा स्थिर झाला. मी उगाच काट्याची काच पुसली. मागून कुणीतरी "किती?" म्हणालं.
दाजी खाली न बघता म्हणाले, "सांग. मोठ्याने सांग."
सांगितला.
ताईने डबा खाली ठेवला. दाजी काट्यावरून उतरले, तिच्यापाशी गेले. प्रथमेश चळत घेऊन गाडीला बसवायला लागला. बोल्ट मी आवळले.

दाजी प्रथमेशविरुद्ध पळाले. पुढच्या चाकाएवढेच मागे राहिले. परत येताना दाजींची गाडी प्रथमेशने ढकलत आणली, दाजी बाजूने चालत. माझ्यापाशी थांबून म्हणाले, "बरोबरीची झाली की नाही?" झाली होती. दाजींच्या बोलण्यात इतका आनंद कधी ऐकला नव्हता.

निघताना ताई गाडीपाशी बसली होती. पट्ट्यांवरून हात फिरवत म्हणाली, "ह्या एकेक सुट्या निघतात का?"
"निघतात. वजन वाढंल तशी एकेक काढायची."
"पाना कितीचा?"
"तेराचा."
तिने तो मागून घेतला, पदराला पुसला आणि पर्समध्ये टाकला. मार्चची वाट बघायची नाही, उद्याच दवाखान्यात जायचं ठरलंय. मीही जाणार आहे.