मिश्री न लावलेले ओठ

आई, तुझ्या ओठांवरच्या काळ्या ठिपक्यांबद्दल लिहायचं आहे, आणि लिहिताना मला आपल्या सगळ्या घराची किळस येते आहे. वारणानगरच्या कॉलनीतलं ते स्वयंपाकघर आठवतं. भाकरी अर्धी थापलेली आणि तू पोट धरून ओट्याला टेकून खाली बसली आहेस. थोड्या वेळानं कळ ओसरते, तू उठून तव्याकडं वळतेस. "काय न्हाय, जरा वारं धरलंय." दारात आत्या उभी. "कामाची येळ झाली की बरं हिचं पोट दुखतंय! चोरून तंबाखूची मिश्री लावती, ओठ बघा की हिचं." बाबा पेपरातून डोकं वर काढून हसतात. शेवटी पोट फुगून, हिरव्या उलट्या करत तू गेलीस, तेव्हाही मयतीला आलेल्या बायका मिश्रीचंच बोलत होत्या.

गेल्या वर्षी तीच कळ माझ्या पोटात आली. यायची आणि जायची. सोनोग्राफी केली त्या दिवशी नेमकं दुखत नव्हतं, म्हणून रिपोर्ट चांगला. एक डॉक्टर गॅस म्हणाला, दुसरा पित्त, तिसऱ्यानं मान वर न करताच विचारलं, घरात काही टेन्शन आहे का. त्याच्या टेबलावर ओकावंसं वाटलं मला. मग एका तरुण सर्जनबाईंनी कळ चालू असतानाच स्कॅन करायला लावला. शर्टाची बाही आत सरकावी तसं आतड्यात आतडं शिरलं होतं. "लहान मुलांत हे बहुतेकदा कारणाशिवाय होतं. मोठ्या माणसात आत काहीतरी असतं, तेच आतड्याला ओढत नेतं," म्हणाल्या, आणि माझा खालचा ओठ खाली ओढून बघितला. "हे ठिपके आईलाही होते का?" आतड्यातल्या गाठी आणि ओठांवरचे ठिपके एकाच आजाराचे, तुझ्याकडून मला आलेले. मिश्री नव्हती, आई. आजार होता.

ऑपरेशननंतर आत्या शिवाजी पेठेतून डबा घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, निदान गप्प तरी बसेल. "मेलेल्या माणसाचं आता कशाला उकरतीस? तुझ्या पोरीच्या ओठावर बी हाईत नव्हं? कुठं बोलू नको, उद्या स्थळं न्हाईत यायची." पुढच्या खेपेला माझ्या नऊ वर्षांच्या पोरीसाठी ती लिपस्टिक घेऊन आली. मला शिसारी आली. तिच्या डब्यातला भात त्या दिवशी मी तसाच परत पाठवला.

उद्या पोरीला तपासायला न्यायचं आहे. गाठी आत्ताच सापडल्या तर दुर्बिणीतून काढता येतील, तिच्यावर तुझ्यासारखी वेळ यायची नाही, असं सर्जनबाई म्हणतात. हा कागद मी कुठं पाठवणार? पण एक तुला सांगायलाच हवं. लिपस्टिक मी टाकून दिलेली नाही. परवा हळदीकुंकवाला जाताना मीच ती पोरीच्या ओठांना लावली. तिनं विचारलं, "आई, माझं ओठ घाण हाईत?"

मी म्हणाले, गप उभी राहा.