बाबांचा कोरा एडिटर

प्रिय ठोंब्या,

आधी बस, मग वाच. कुरियरचं पाकीट बघून तू घाबरला असशील, म्हणून पहिल्यांदा सांगते, आम्ही दोघंही चालतेफिरते आहोत. पण मला असा जबर धक्का बसलाय की मंगळवारपासून चहात साखर घातली की नाही, हेही आठवत नाही. फोनवर हे सांगणं जमलं नसतं. तुझे बाबा शेजारीच बसलेले असतात, आणि तुझा आवाज ऐकला असता तर माझा बांध फुटला असता.

सुरुवात त्या कॉम्प्युटरपासून झाली. बाबांच्या टेबलावरचं ते जुनं धूड तुला माहीतच आहे. चालू केलं की पंखा असा घरघरतो की शेजारीण विचारते, मिक्सर लावलात का. बाबांनी नोकरीभर पंपांच्या आणि मोटारींच्या माहितीपुस्तिका लिहिल्या, त्या एका साध्या एडिटरमध्ये, म्हणजे नुसतं टाइप करायच्या प्रोग्राममध्ये. ना रंग, ना जाड अक्षरं. पांढरी खिडकी आणि लुकलुकणारी रेघ, बस्स. 'आधी वीज बंद करा. मग झाकण उघडा.' याहून लांब वाक्य त्यांनी मला लग्नाचं विचारतानासुद्धा वापरलं नव्हतं.

हिवाळ्यात मशीन आपोआप अपडेट झालं आणि त्या एडिटरच्या जागी नवा येऊन बसला. नाव तेच, पण हा दीडशहाणा. आपण दोन शब्द लिहिले की पुढचं वाक्य फिकट अक्षरांत हाच मांडून ठेवतो. एक बटण दाबलं की ते आपलं झालं. बाबांची चिडचिड सुरू झाली. हा मध्येमध्ये तोंड घालतो, मला म्हणायचं असतं एक आणि हा लिहितो भलतंच, अशी रोजची कुरकुर. मी म्हटलं, म्हातारपणी माणूस कुणावर तरी खेकसणारच, माझ्याऐवजी मशीनवर खेकसतोय तर बरंच आहे.

तुला मात्र त्यांच्या रविवारच्या मेल आवडायला लागल्या होत्या. बाबा हल्ली किती मोकळं लिहितात, असं तू मला दोनदा म्हणालास. 'तुझ्याशिवाय घर रिकामं वाटतं' हे वाक्य तू बायकोला वाचून दाखवलंस. मलाही नवल वाटलं होतं, आणि खोटं कशाला बोलू, जरा हेवाही वाटला. रिकामं-भरलेलं असलं काही त्यांनी मला कधी लिहिलं नव्हतं.

शेवटी मंगळवारी मी बाह्या सरसावल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उमर घालवलेल्या बाईला एक एडिटर बदलता येऊ नये? इंटरनेटवरून एक उतरवून घेतला, तर तो काळाकुट्ट आणि आत शब्द रंगीबेरंगी. बाबा म्हणाले, हा बँडवाल्यांचा दिसतोय. दुसऱ्याने उघडायच्या आधीच खातं आणि पासवर्ड मागितला. लिहायला परवानगी कसली मागायची? त्यालाही हाकललं. मग शोधता शोधता कळलं की आपला जुना कुठे गेलाच नव्हता. मशीनच्या पोटात एका फोल्डरमध्ये निमूट पडून होता, नव्याने फक्त त्याचं नाव बळकावलं होतं. मी नव्याला काढून टाकलं, जुन्याचं चिन्ह समोर आणून ठेवलं, आणि बाबांच्या सगळ्या फायली यापुढे त्यातच उघडायच्या, असं मशीनला बजावलं. मग मोठ्या रुबाबात बाबांना हाक मारली.

ते येऊन बसले. कोरी खिडकी बघून मनापासून हसले. मी स्वयंपाकघराकडे वळले तोवर टकटक सुरू झाली, तीच त्यांची दोन बोटांची. मला इतकं बरं वाटलं की कपबशा धुता धुता मी चक्क गुणगुणत होते. थोड्या वेळाने त्यांनी बोलावलं आणि म्हणाले, वाच, कसं झालंय. मी वाचलं. 'आधी ते बंद कर. मग ते. घरात ते आहे. आई ते. ते बरं.' पानभर तसंच.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी हसलेसुद्धा रे. मग त्यांचा चेहरा बघितला. काम हातावेगळं केलेल्या माणसाच्या समाधानाने ते माझ्याकडे बघत होते. माझं हसू विरलेलं बघून ते स्क्रीनकडे वळले, परत वाचलं, आणि तेव्हा त्यांना कळलं. माझ्या पायाखालची जमीनच सरकली. म्हणजे हिवाळ्यापासून तुला आलेल्या मेल त्या आगाऊ एडिटरच्या होत्या! बाबा दोन शब्द लिहायचे, पुढचा सापडायचा नाही, मग तो मांडेल ते घ्यायचे आणि वर त्याच्यावरच चिडायचे. आणि माझ्या तरी कसं लक्षात यावं? संसारभर हा माणूस 'ते दे', 'ते कुठं ठेवलंस' असंच बोलत आलाय. कुठल्या बाईचा नवरा वेगळं बोलतो?

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. त्या म्हणाल्या, समज शाबूत आहे, शब्द हरवताहेत, आणि हळूहळू आणखी हरवतील. बाहेर पडल्यावर मी रडतरडतच म्हटलं, तो नवा मी परत बसवते, निदान पोराला मेल तरी धड जातील. बाबा रस्त्यातच थांबले. शब्द शोधत उभे राहिले, मागचे लोक आम्हाला वळसा घालून जात होते. मग म्हणाले, "नको. ते... ते माझं नाही." एवढंच. मला इतका अभिमान वाटला की भर रस्त्यात मी त्यांचा हात धरला. घरी येईपर्यंत सोडला नाही.

म्हणून हे पत्र. या रविवारी तुला बाबांची मेल येईल, जुन्या एडिटरमध्ये लिहिलेली. रोज सकाळी खुर्चीत बसून त्या मेलशी झटताहेत. ती तुटकी आहे. वाचल्या वाचल्या फोन करून 'बाबा, हे काय' असं विचारू नकोस, तुला माझी शपथ आहे. रडायचं तर तिकडेच रडून घे, मग त्यांना साधं उत्तर लिही, आणि जमेल तितक्या लवकर येऊन जा. आणखी एक सांगायचं राहिलं. मेलच्या सुरुवातीला तुझं नाव नाही. त्यांच्या गेलेल्या धाकट्या भावाचं आहे. ते बदलायला मी हात पुढे केला होता, पण मागे घेतला. नाव चुकलंय बाळा, पण मेल तुलाच आहे.

तुझीच,
आई