चार बोटं भरतकाम

लुनेव्हिल, ९ नोव्हेंबर

श्री. दस्कॉर साहेब यांस,

तुमचं पत्र पोचलं. इकडं सगळं ठीक आहे असं लिहायची रीत असते. इकडं मी एकटी उरले आणि ठीक काही नाही.

माझी शाळा चौदाव्या वर्षी सुटली, तेव्हा वळणदार लिहिणं जमणार नाही. सांत्वनाचं पत्र हातानंच लिहावं, छापील पाठवणं म्हणजे अपमान, एवढं तुम्ही पाळलंत. जाड कागद, जांभळी शाई. शेजारची गीलेन म्हणाली, एवढ्या मोठ्या माणसानं स्वतः लिहिलंय, फ्रेम करून लाव. मी ते पावाच्या डब्यात टाकलं.

दफनाला तुमच्याकडून पांढऱ्या फुलांचं चक्र आलं, माणूस एक नाही. एकोणतीस वर्षं माझ्या बहिणीनं, मारीझनं, तुमच्या झग्यांवर मणी भरले.

तुम्ही लिहिता, मारीझचा हात हजारांत ओळखू येतो. गेल्या जानेवारीत तुमच्या फॅशन शोमध्ये दाखवलेला काळा झगा म्हणजे तिच्या कलेचं शिखर. आणि तिच्याकडे अर्धी राहिलेली चोळी तुम्ही दुसऱ्या कुणाचा हात लागू न देता, तशीच अर्धी, येत्या जानेवारीत तिची आठवण म्हणून दाखवणार. ती न्यायला गुरुवारी गाडी पाठवताय.

साहेब, तो काळा झगा मी भरलाय. ही चोळीसुद्धा.

समोरून बघणाऱ्याला कळायचं नाही. आम्ही उलट्या बाजूनं भरतो, मणी कापडाखाली, हातातली आरी, म्हणजे आकडीची सुई, वर. झगा उलटा करून बघा. मारीझची टाक्यांची साखळी उजवीकडे जाते. मी डावरी, माझी डावीकडे. तुमच्या शिवणखान्यातल्या कुर्तेलबाईंनी दोन वर्षांत एकदा अस्तराखाली बघितलं असतं तरी दिसलं असतं.

दोन वर्षांपूर्वी काळ्या कापडावर काळे मणी भरताना मारीझ अडखळायला लागली. मी डॉक्टरकडे चल म्हटलं. तिला तुमच्याकडेच मणी भरणारी सोलांज आठवली. सोलांजची नजर गेली तेव्हा तुम्ही तिला एक रेशमी रुमाल पाठवलात, त्यानंतर काम नाही. मारीझ म्हणाली, "डॉक्टरनं कागदावर लिहिलं की माझी भरतकामाची चौकट दुसऱ्या बाईच्या घरी जाईल. तू भर, नादेज. आयुष्यभर त्या डाव्या हातानं नुसती भांडी फोडलीस."

मी भरलं. इथपर्यंत तुम्हाला बोल लावणं सोपं आहे. पुढचं लिहायला दोन दिवस लागले.

सप्टेंबरात नान्सी शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं, डोळ्यांत दोष नव्हताच, डोक्यात काहीतरी वाढत होतं. म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी आणायला हवं होतं."

ती हट्टी होती, खरं आहे. पण मी आरी हातात घेतली नसती तर महिन्याभरात तुम्हाला कळलं असतं, काम बंद झालं असतं, आणि रिकाम्या बसलेल्या मारीझला मी ओढून नेलं असतं. माझं काम इतकं चांगलं झालं की कुणाला संशय आला नाही. आणि मला ते आवडत होतं, साहेब. पेपरात तुम्ही तिच्या हाताचं कौतुक केलंत, ते कात्रण मी तिच्यापासून लपवून ठेवलं.

आता चोळीचं. गळ्याजवळची चार बोटं तिनं स्वतः भरली, चाचपत, मला हात लावू न देता. वेडंवाकडं आहे, मण्यावर मणी चढलाय. ती झोपली की उसवून नीट करायचं मी ठरवलं होतं. त्याआधीच ती दवाखान्यात गेली.

खालचं सगळं माझं होतं. काल दुपारी मी शेवटचा टाका सोडला आणि दोरा ओढला. साखळी टाका कसा सरसर उसवतो ते तुमच्या शिवणखान्यात कुणालाही विचारा. स्वयंपाकघरभर मणी झाले. मी तिच्या टाक्यापाशी आले तेव्हा थांबले आणि तो पक्का केला.

गुरुवारी तुमच्या माणसाला चौकट मिळेल. वर चार बोटं मारीझची, खाली कोरं कापड. आठवण म्हणून दाखवायचं तर हे दाखवा. कुणाकडून सरळ करून घेऊ नका. आणि माझ्याकडे काम पाठवू नका.

शेवटी 'आपली' असं लिहायचं असतं. ते मी लिहीत नाही.

मारीझची,
नादेज