अप्पांची दाढ

१० नोव्हेंबर, सोमवार
शुक्रवारी इन्स्पेक्शन. शेंद्र्याच्या एका कंपनीला कामगारांच्या दातांसाठी क्लिनिक हवंय. आधी त्यांच्या मॅडम येऊन स्वच्छता, सेफ्टी वगैरे बघणार. बघा म्हणावं. अख्ख्या उस्मानपुऱ्यात माझ्याइतकं स्वच्छ क्लिनिक नाही. हे मी नाही, पेशंट म्हणतात. विचारलं तर म्हणतील.
पडदे धुवायला टाकले. असिस्टंट मोनालीला आजपासून हेअरकॅप कंपल्सरी. ऑटोक्लेव्हची, म्हणजे इन्स्ट्रुमेंट्स वाफेनं निर्जंतुक करायच्या मशीनची, टेस्टही करून ठेवायची आहे. मागची टेस्ट या दिवाळीआधी केली होती, उत्तम आली होती. निव्वळ फॉर्मॅलिटी.

११ नोव्हेंबर, मंगळवार
टेस्ट फेल.
म्हणजे तसं म्हणता येणार नाही. जंतू भरलेली छोटी बाटली इन्स्ट्रुमेंट्सबरोबर मशीनमध्ये वाफवतात आणि मग दिवसभर ठेवून बघतात. जांभळी राहिली तर जंतू मेले. आपली पिवळी झाली. मोनाली म्हणाली, सर, मशीन जंतू मारत नाहीये. तिला समजावलं, की बाटल्यांचं पार्सल कुरिअरवाल्याकडे उन्हात पडलं असणार. ती म्हणाली, नोव्हेंबरात? मी म्हणालो, आपल्याकडं नोव्हेंबरातसुद्धा ऊन असतं.
दुसरी बाटली लावली. अपॉइंटमेंट कॅन्सल केल्या नाहीत. उगाच पॅनिक नको.

१२ नोव्हेंबर, बुधवार
दुसरीही पिवळी. दोन्ही एकाच खोक्यातल्या. यावरून काय ते कळतं.
तरी जबाबदार माणूस म्हणून इंजिनिअरला फोन केला. पुण्याहून येणार, सोमवारी. मोनालीनं सुचवलं, तोवर विश्वजीत सरांकडून इन्स्ट्रुमेंट्स वाफवून आणू. विश्वजीत माझा बॅचमेट. हर्सूलला त्याचं मोठं क्लिनिक आहे. कॉलेजात माझ्या नोट्सवर पास झालेला माणूस. त्याच्या दारात डबे घेऊन मी उभा राहायचं? जमणार नाही.
तोडगा काढला: मशीनची प्रत्येक सायकल दोनदा चालवायची. डबल सेफ्टी. मोनालीला पटलेलं दिसलं नाही, पण तिला कॅपमुळं डोकं खाजतंय, त्यामुळं तिचं तोंड दिवसभर तसंच असतं.
संध्याकाळी करमाडहून वडील आले, अप्पा. गाल सुजलाय, दाढ पार किडली आहे. म्हणाले, दुसऱ्याकडं कशाला जाऊ, घरचा डाक्टर हाय. बरं वाटलं. उद्या काढतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार, दुपार
सकाळी साळूबाईंची दाढ काढली. शेजारच्या सोसायटीत पोळ्या करतात. अप्पांच्या शेजारी बाकावर बसल्या होत्या, दोघांनी दाढदुखीवर भरपूर गप्पा मारल्या. दाढ एका झटक्यात आली. हात अजून उत्तम चालतो.
मग अप्पा. खुर्चीवर बसवलं, इंजेक्शन दिलं. ओठ बधिर झाला. ट्रेमधून दाढ काढायचा फोर्सेप्स उचलला. मोनालीनं लाइट धरला होता. अप्पांनी तोंड उघडलं, डोळे मिटले.
हात पुढं गेला नाही.
कारण असं, की दाढ अवघड जागी आहे. मुळं वाकडी असू शकतात. अप्पांचं वयही आहे. फोर्सेप्स खाली ठेवला आणि म्हणालो, अप्पा, आज नको. गोळ्या देतो, शनिवारी हर्सूलला विश्वजीतकडं जाऊ.
अप्पांनी एक डोळा उघडला. अर्ध्या बधिर तोंडानं म्हणाले, "सुई टोचून झाली आन् आता नको? का रं, काय झालं?"
म्हणालो, मशीनमध्ये जरा बिघाड आहे. घरच्या माणसावर रिस्क नको.
मोनालीनं लाइट बंद केला. हळू आवाजात म्हणाली, "सर, मग सकाळच्या साळूबाई?"
मी तिला ट्रे उचलायला सांगितलं. तिनं उचलला नाही. मीच उचलला.
स्टाफच्या डिसिप्लिनकडं लक्ष द्यायला हवं. दुपारच्या अपॉइंटमेंट पुढं ढकलल्या. इन्स्पेक्शनच्या तयारीसाठी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळ
दोन्ही बाटल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या. विचारलं तर रिझल्ट यायचाय म्हणून सांगायचं. तिसरी लावलीय, त्यामुळं एका अर्थानं यायचाच आहे. अप्पांना आतल्या खोलीत बसा म्हटलं. ते बाहेर पेपर वाचत बसले.

संध्याकाळ
राजनंदिनी मॅडम वेळेवर आल्या. कमी बोलतात. सिंक, कचऱ्याचे डबे, सुया, ऑक्सिजन, सगळं बघितलं. पडद्यांबद्दल काही म्हणाल्या नाहीत. टेस्टचं विचारलं. रिझल्ट यायचाय म्हणालो. त्यांनी मान हलवली. मी जिंकलो होतो.
चहा घ्यायला बाहेर बसल्या, अप्पांच्या समोरच. माझे वडील, अशी ओळख करून दिली. गाल बघून म्हणाल्या, काका, डॉक्टर तुमचेच ना? मग दाढ का नाही काढली?
अप्पा खूश झाले. पेपर घडी करून ठेवला. "काल बसिवलं व्हतं की खुर्चीत. पर मशीन बिघडलंय. पोरगं म्हणलं, घरच्या माणसावर नाय वापरणार. लई जीव लावतं माझ्यावर."
मॅडमनी कप खाली ठेवला. माझ्याकडं बघून विचारलं, "आणि बाहेरच्यांवर?"
अप्पा आधी हसत होते, मग माझ्याकडं बघायला लागले, मग मोनालीकडं. मोनाली फरशीकडं बघत होती. अप्पांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी पेपर परत उघडला आणि तोंडासमोर धरला.
मी आत गेलो, ड्रॉवर उघडला आणि दोन्ही बाटल्या आणून मॅडमसमोर ठेवल्या. का, ते लिहिता येत नाही.
मॅडमनी सांगितलं: मशीन दुरुस्त होऊन टेस्ट पास होईपर्यंत क्लिनिक बंद. दिवाळीआधीच्या टेस्टनंतर आलेल्या सगळ्या पेशंटना स्वतः फोन करायचा, खरं सांगायचं, रक्त तपासून घ्यायचं. कंपनीचं काय, ते मी विचारलं नाही. ऑक्सिजन सिलिंडर व्यवस्थित आहे असं मात्र त्या म्हणाल्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार
हर्सूल. विश्वजीतनं अप्पांची दाढ काढली. मुळं सरळ होती. त्याला सगळं सांगितलं. टोमणा मारेल म्हणून उत्तर तयार ठेवलं होतं. तो म्हणाला, अरे, मंगळवारीच आणायचे ना डबे, माझं मशीन दुपारी रिकामंच असतं. तयार ठेवलेलं उत्तर वाया गेलं.
अप्पा गाडीत एक शब्द बोलले नाहीत. तोंडात कापूस होता. करमाडला उतरताना कापूस थुंकला, तरी बोलले नाहीत.

१७ नोव्हेंबर, सोमवार
इंजिनिअरनं झाकणाचं रबर बदललं. ते एवढंसं होतं.
फोन करायला बसलो. काय बोलायचं ते मोनालीनं विचारलं. म्हणालो, रुटीन चेकअप म्हणू. तिनं नुसतं बघितलं. कॅप काढून टाकली आहे तिनं.
पहिला फोन साळूबाईंना. माझा आवाज ऐकून त्यांना इतका आनंद झाला. म्हणाल्या, "दाढ काढल्यावर दुखतं का म्हून इचारायला स्वतः फोन केला डाक्टरसाहेब? असं कोन करतंय आजकाल?"
रुटीन हा शब्द तोंडात आला होता. गिळला. सांगितलं. मशीन, बाटली, रक्त, सगळं. खर्च माझा, हेही.
तिकडं तव्यावर पोळी टाकल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या वडलांची दाढ निघाली का?"
म्हणालो, निघाली.
"तिथंच?"
म्हणालो, नाही. हर्सूलला.
त्यांनी फोन ठेवला.
मोनालीनं पुढचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.