बाळासाहेबांची वसाहत आणि माझी थरथर

पापाकुरा, ऑकलंड

तीर्थस्वरूप शांताआत्यास,

प्रमोदचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझे सध्या लटलट कापतात, पण वयामुळे नव्हे. (फोनवर बोललो तर नीता ऐकेल, म्हणून पत्र.)

आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष बाळासाहेब तुला आठवत असतील (तू आलीस तेव्हा विमानतळावरच ज्यांनी तुझ्या हाती मंडळाची घटना ठेवली, तेच). निवृत्त झाल्यापासून ते इतिहास वाचतात आणि तो आम्हाला भोगावा लागतो. या खेपेला क्वेकर. साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात या पंथाचा छळ झाला, तेव्हा त्यांच्या पुढाऱ्यांनी अमेरिकेत जाऊन वसाहत वसवली. शस्त्र नाही, भटजी नाही, सगळा कारभार शांततेत. बाळासाहेबांचा छळ कोणी करत नाही (उलटच आहे), तरी इथून दूर, 'ते रापा' नावाच्या उपनगराच्या पलीकडे एका कुरणात आपणही मराठी वसाहत काढायची, असं त्यांनी ठरवलं. आधी एका कुटुंबाने कॅरव्हॅनमध्ये हिवाळा काढायचा, मग बाकीचे येतील. आत्या, बाकीचे कधीच येणार नाहीत.

पहिलं कोण जाणार, यावर मतदान नको असं ठरलं (मतदानाने मंडळ एकदा उकडीच्या आणि तळणीच्या मोदकांवरून फुटलं आहे). क्वेकर म्हणे सभेत गप्प बसतात, आणि ज्याला आतून प्रेरणा होते तो उठून बोलतो. म्हणून आम्ही बाळासाहेबांच्या गॅरेजमध्ये सतरंजीवर मांडी घालून बसलो. एवढी मराठी माणसं आणि एक शब्द नाही! चिटणीस स्नेहल, जी श्रद्धांजलीच्या दोन मिनिटांतही कुजबुजते, तीसुद्धा खाली मान घालून बसलेली. मला कुरण दिसू लागलं, अंधार दिसू लागला, गाई दिसू लागल्या (लहानपणी तुझ्या कपिलेने मला गव्हाणीत ढकललं होतं, ते मी विसरलेलो नाही). अंगाला कापरं भरलं. त्यातच पायाला मुंग्या आल्या, म्हणून पाय झटकायला उभा राहिलो.

बाळासाहेबांचे डोळे भरून आले. "क्वेकरांनाही असाच कंप सुटायचा! बोला प्रमोद, बोला!" माझ्या तोंडून शब्द फुटेना, तर तीच संमती ठरली. बाकीच्यांनी सुटल्याच्या आनंदात टाळ्या पिटल्या. 'मुंग्या' एवढंच म्हणायचं होतं गं, पण भिडेपायी तेही जमलं नाही. भीड भिकेची बहीण, असं तू म्हणायचीस.

नीता तेव्हा सँडरिंगहॅमला वाणसामान आणायला गेली होती. तिला अजून पत्ता नाही. इरा माझ्याबरोबर होती, ती गाडीत म्हणाली, "कॅरव्हॅन? स्वीट ॲज, बाबा!" (म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत 'एकदम झकास'). तिला चॉकलेटवर गप्प ठेवलं आहे. नीताने हे घर किती हौसेने मांडलंय, ते तू पाहिलंस. इथल्या थंडीत तिने परसात कढीपत्ता जगवलाय, आत्या. गाई परवडल्या, पण तिला हे सांगणं नको.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि आशीर्वाद उरले तर मला.

तुझा घाबरट भाचा,
प्रमोद

ता. क. तू जरा आजारी पडशील का? गंभीर नको, मला बोलावून घेण्यापुरतं. नीताला फोन करून "प्रमोदला हिवाळाभर पाठव" एवढंच म्हण.

ता. क. २ पाकीट चिकटवायच्या आतच इराने आईला सांगून टाकलं. नीता काहीच बोलली नाही. सकाळपासून एक शब्द नाही. कढीपत्त्याला पाणी घालते आहे, घालतेच आहे. तेव्हा आजारी पडू नकोस. मी कॅरव्हॅनमध्ये सामान भरतोय. गाई निदान हंबरतात तरी.